मास्तर देऊन आणलेला पाहुणा

आमच्या खानदेशात साटंलोट्याची लग्नं होतात. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात, आणि एकीकडे भांडी वाजली की दुसरीकडेही वाजतात. पण कलर मास्तर देऊन कबड्डीचा खेळाडू घेण्याचं साटंलोटं मी सुरतेत पाहिलं, आणि तेही आमच्याच मिलमध्ये.

गोष्ट चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची. सुरतेत तेव्हा कुठलीही गोष्ट सांगायची म्हणजे ती प्लेगच्या आधीची की नंतरची, एवढं सांगून भागत असे. मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होतो आणि डिंडोलीहून सायकलने ये-जा करायचो. आमच्या शेठकडे सगळं होतं. मिल होती, मोटार होती, डायबेटिस होता. नव्हती ती फक्त मिल-मिलच्या कबड्डी स्पर्धेची शील्ड. ती इच्छापोरकडच्या दुसऱ्या एका शेठच्या ऑफिसात काचेच्या कपाटात दिमाखात बसली होती. त्या शेठकडे शील्ड होती, पण त्याच्या साड्यांचा रंग पहिल्या धुण्यात बादलीत उतरायचा. कुणाच्या तरी लग्नात दोघे शेठ शेजारी शेजारी जेवायला बसले, आणि जिलेबी येईपर्यंत सौदा झाला. आमचा कलर मास्तर तिकडे, त्यांचा चढाईवाला इकडे. दोघांपैकी कुणालाही कुणी विचारलं नाही. मास्तरला सोमवारी सकाळी कळलं, आणि तोही टिफिन घेऊन मुकाट त्यांच्या टेम्पोत बसला.

त्याच टेम्पोतून त्यांचा चढाईवाला उतरला होता. अकोल्याकडचा, उंच, मिशीला तेल लावलेलं, हातात पत्र्याची ट्रंक. उतरल्यावर त्याने आमच्याकडे बघितलं नाही, मैदानाकडे बघितलं. मिलच्या मागे, बॉयलरची राख टाकतात तिथे आम्ही जागा साफ करून खेळायचो. त्याने चपलेच्या टोकाने माती उकरली आणि म्हणाला, "तिकळे माती चाळून घेत असत बाप्पा."

हे त्याचं आमच्या मिलमधलं पहिलं वाक्य. त्यानंतरची बहुतेक वाक्यंही याच शब्दाने सुरू झाली. तिकडेला तो तिकळे म्हणायचा. तिकळे खेळाडूंना दोन-दोन अंडी मिळायची. तिकळे घाम पुसायला स्वतंत्र टॉवेल असायचा. तिकळे पंचसुद्धा इस्त्रीचे कपडे घालून यायचे. तिकळे चहात आलं असायचं, आणि आलं नसलं तर चहावाल्याला मॅनेजर झापायचा. हे ऐकून एखाद्याला वाटलं असतं की इच्छापोरला मिल नसून इंद्राचा दरबार आहे. आमच्यातल्या काहींचे भाऊबंद तिथे कामाला होते. ते सांगायचे की तिथला चहा गढूळ असतो आणि टॉवेलचं तर कुणी नावही ऐकलेलं नाही. पण पाहुण्यापुढे साक्षीपुराव्याचं काही चालत नसे.

पाहुणा हे नाव आमच्या नानाने ठेवलं. नाना म्हणजे आमचा कॅप्टन. अमळनेरकडचा, बुटका, मान नसलेला माणूस, जिगर मशीनवर कपडा रंगवून त्याचे हात कोपरापर्यंत कायमचे जांभळे झालेले. कबड्डीत तो उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि मी त्याच्या शेजारी. पाहुण्याने पहिल्याच आठवड्यात अर्ध्या टीमला नावं ठेवली तेव्हा पोरं चिडून नानाकडे गेली. नाना म्हणाला, "हाऊ पाहुना शे. पाहुनाले काय बोलानं?" तेव्हापासून त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं.

शेठने पाहुण्याला मिलमागच्या चाळीतली मास्तरचीच खोली दिली. नळ दाराशी, वर पत्रा नाही, पक्की स्लॅब. आमच्यातले कितीतरी जण त्या खोलीवर डोळा ठेवून होते. पाहुण्याने गावाहून बायको आणि दोन मुली आणल्या. थोरलीचं नाव उधन्याच्या मराठी शाळेत घातलं. आणि बिऱ्हाड आलं त्याच दिवशी शेठने खोलीच्या दारात, सगळ्या खात्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारून सांगून टाकलं, "शील्ड लाव, खोली तारी." शील्ड आण, खोली तुझी. नाही आणली तर काय, हे शेठ बोलला नाही आणि कुणी विचारलंही नाही. पाहुण्याची बायको दाराआडून ऐकत होती. तिला गुजराती येत नव्हतं, पण एवढं तिला कळलं.

इकडे मास्तर गेला आणि मरून रंग बिघडला. इतर रंग त्याच्या हाताखालच्या पोरांनी कसेबसे सांभाळले, पण मरून मास्तरचा होता. तो कपड्याची चिंधी घेऊन दाराच्या उजेडात जायचा, एकदा ओली बघायचा, एकदा वाळवून बघायचा आणि मग बोटाच्या चिमटीने काहीतरी टाकायचा. ती चिमूट टेम्पोतून इच्छापोरला गेली. आता आमच्या मिलमधून निघणारा मरून उकडलेल्या वांग्यासारखा दिसू लागला. माल परत येऊ लागला, परत आलेला माल पुन्हा रंगवायला रविवारची सुट्टी जाऊ लागली, आणि रविवारी मशीनवर उभा असलेला प्रत्येक माणूस खिडकीतून मैदानाकडे बघून दात-ओठ खायचा. कारण मैदानावर पाहुणा गुडघ्याला तेल चोळत असायचा. परत आलेल्या साड्या कामगारांना स्वस्तात मिळायच्या, त्यामुळे त्या वर्षी डिंडोलीतल्या निम्म्या बायका तोच रंग नेसून फिरत होत्या. त्या रंगाला मिलमध्ये नाव पडलं 'पाहुणा मरून'. पुढे कुठल्याशा व्यापाऱ्याला तो खरोखरच आवडला आणि त्याने मुद्दाम मागवला, तर तेव्हा नेमका कुणालाच जमेना.

खेळायचा कसा? खरं सांगायचं तर सुरेख खेळायचा. पण सुरेख खेळतो हे पहिलं त्यालाच कळायचं, ही अडचण होती. चढाईला जाताना तो आधी मध्यरेषेला हात लावायचा, मग कपाळाला, मग मिशीला, आणि मग प्रेक्षकांत कोण कोण आहे ते बघून घ्यायचा. तोवर पंच शिट्टी वाजवून वैतागलेला असायचा. आत गेला की मात्र पाऊल असं सरकायचं की समोरचा बघतच राहायचा. गडी मारून परत येताना इतर लोक जीव मुठीत धरून पळतात. हा शेवटची दोन पावलं चालत यायचा, छाती काढून. एकदा बमरोलीच्या टीमविरुद्ध असाच चालत येताना एकाने पडल्या पडल्या त्याचा घोटा धरला, आणि पाहुणा मध्यरेषेच्या वीतभर अलीकडे पालथा झाला. उठून अंग झटकत म्हणाला, "तिकळे लोक सोताले मेलेला गडी समजून सोडून देत."

त्याची अजून एक तऱ्हा होती. आमची जर्सी निळी. तिच्या आत तो जुन्या मिलचं पिवळं बनियान घालायचा. सुरतेच्या उन्हात आम्हाला एक बनियान सहन होत नसे, आणि याच्या निळ्या गळ्यातून पिवळी किनार सदैव डोकावत असे. नानाने एकदा विचारलंच, "भाऊ, दोन बनियान घालीसन गरम नई व्हस का?" पाहुणा म्हणाला, "सवय हाय." पोरं म्हणाली, याची एक बायको सासरी आणि एक माहेरी आहे. नाना हसला नाही. नाना सहसा हसायचा नाही, पण तेव्हा त्याने मान खाली घातली होती आणि त्याचे खांदे हलत होते.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. पाहुण्याची जी गोष्ट आम्हाला खरोखर लागली, ती हाताची. आमची टीम साखळीवर जगायची. आमच्यात उंच कुणी नव्हता, चपळ कुणी नव्हता. पण आम्ही दोघे-दोघे एकमेकांचा हात असा धरायचो की चढाईवाला मध्ये सापडला की बाहेर पडणं मुश्कील. नानाने एकदा धरलं की माझं मनगट दोन दिवस दुखायचं, आणि मला त्याचा अभिमान होता. पाहुणा बचावाला उभा राहिला की दोन्ही हात कमरेवर ठेवायचा. त्याच्या शेजारचा हात पुढे करायचा आणि तो हात तसाच हवेत राहायचा.

"हात धर ना भाऊ," नाना म्हणाला. "हात धरामा काय लाज?"

"मी चढाईवाला हाय," पाहुणा म्हणाला. "मले हात धराले नाही आणलं. तिकळे मी हात धरत नव्हतो."

"तठे नई धरा, आठे धर."

"इकळे कोनाचा धरू?"

हे तो सहज बोलला. ज्याचा हात हवेत होता तो पोरगा सावकाश हात मागे घेऊन चड्डीला पुसू लागला. मला त्या दिवशी पाहुण्याचा एवढा राग आला की मी घरी जाऊन आईजवळ त्याची नक्कल केली. ती इतकी छान वठली की पुढे ती नक्कल मला मिलमध्ये रोज करावी लागली. शेठच्या मुनिमालासुद्धा मी ती करून दाखवली आहे.

जेवणाचंही तसंच. शनिवारी सराव झाला की आम्ही परातीभोवती बसायचो. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, आणि सगळ्यांचे हात एकाच परातीत. पाहुणा घरून स्वतःची थाळी घेऊन यायचा आणि उभा राहून खायचा. गुडघा दुमडत नाही, हे त्याचं कारण. कारण खरंही असावं, कारण गुडघ्याला तो दिवसातून दोनदा तेल चोळायचा. पण गुडघा दुमडत नाही म्हणून शेवभाजीला नावं ठेवायची काय गरज? शेव भाजीत टाकणाऱ्या लोकांशी आपली सोयरीक कधी झाली नसती, असं तो एकदा तोंडात घास असताना म्हणाला.

एकदा त्याच्या धाकट्या मुलीला ताप आला म्हणून आईने मला त्यांच्या घरी काढा घेऊन पाठवलं. पाहुणा सरावाला गेला होता. त्याची बायको हसरी बाई होती. मी दारातून निघताना तीच म्हणाली, "तुमी सारे त्यायच्यावर हासता, मले ठाऊक हाय." मी काढ्याच्या पातेल्याकडे बघू लागलो. ती म्हणाली, "हासा. म्या पन हासते. लगन झालं ना भाऊ, तवा सालभर मले आयकवत व्हते, तुह्या आधी जे पोरगी पाह्यली, तिच्या घरचे पोहे काय व्हते म्हनून!" आणि तोंडाला पदर लावून खूप हसली. मग पदर खाली घेऊन म्हणाली, "पन खोली जाऊ देऊ नोका. पोरगी आता बाराखडी बराबर लिहिते." मी बरं म्हणालो. खोली जाऊ द्यायची की नाही हे फोल्डिंग खात्याच्या हातात असल्यासारखा बरं म्हणालो आणि सायकलवर टांग टाकली.

तर त्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो. पाहुण्याने पोचवलं, हे मला इथे कबूल करायला हवं. आणि फायनलला समोर कोण? दुसरं कोण असणार. पिवळे बनियानवाले.

मैदान उधन्याचं. उत्तरायण नुकतंच होऊन गेलं होतं, बाभळीवर फाटके पतंग आणि मांजा लटकत होता. दोन्ही शेठ एकाच शामियान्यात सोफ्यावर बसले होते. त्यांच्या मागे आमचा जुना मास्तर उभा होता. नव्या मिलचा शर्ट, हातात उसाच्या रसाचा ग्लास, गालावर चरबी चढलेली. आमच्या मिलची माणसं मैदानाकडे कमी आणि मास्तरकडे जास्त बघत होती. एकजण तर त्याच्या पायाच पडला.

पाहुणा मैदानात आला आणि पिवळ्या टीमने त्याला त्याच्या जुन्या लाडक्या नावाने हाक मारली. त्याने हात वर केला. मग हात कुठे ठेवावा हे न कळून मिशीला लावला. त्याच्या खोड्या त्यांना पाठ होत्या. तो आत गेला की ते मागे सरकून हसत उभे राहायचे, कुणी पुढे येईना, कुणी फसेना. दोनदा तो रिकाम्या हाताने परत आला. एकदा पकडला गेला तेव्हा पकडणाऱ्यानेच त्याला हात देऊन उठवलं आणि अंगावरची माती झटकली. आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "अरे चहा पण पाजा त्याला!" मग मात्र पाहुणा चवताळला. पुढच्या चढायांत त्याने एकेक करून गुण ओढून आणले, आणि एकदाही छाती काढून चालला नाही. धावत आला. मी त्याला धावताना पहिल्यांदाच पाहिलं. सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई त्यांची उरली.

त्यांचा चढाईवाला विशीतला, कुरळ्या केसांचा, पायांत वारं भरलेला. त्याला कबड्डी पाहुण्यानेच शिकवली होती. त्याची एकच खोड होती, समोरचा दिसला की तो मागचं विसरायचा. ही खोड पाहुण्यानेच आदल्या दिवशी आम्हाला सांगितली होती, आणि नानाने तिच्यावर बेत केला होता. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने मुद्दाम पाय पुढे करायचा, पोरगा तिकडे वळला की उजवीकडून नाना आणि मी हात धरून मागून बंद करायचं. एवढं एक जमलं की शील्ड आमची, खोली पाहुण्याची आणि रविवारी राबणाऱ्या आम्हा सगळ्यांचं नाक वर.

बेत तंतोतंत जमला. डाव्या कोपऱ्याने पाय दिला. पोरगा कबड्डी-कबड्डी घुमवत तिकडे झुकला. त्याची पाठ आमच्याकडे. नानाने माझं मनगट आवळलं आणि आम्ही सरकलो. पाहुणा मधोमध कमरेवर हात ठेवून उभा होता. आम्ही पोराच्या पाठीशी हातभर अंतरावर आलो, आणि पाहुणा जिवाच्या आकांताने ओरडला,

"मांगं पाह्य रे! मांगं पाह्य!"

पोराने मागे पाहिलं. त्याने आमच्या धरलेल्या हातांवरून उडी मारली, जाता जाता नानाला एक आणि मला एक लाथ दिली आणि मध्यरेषेपार झाला. पंचाची शिट्टी वाजली. पिवळ्यांनी पोराला खांद्यावर घेतलं. नाना आणि मी अजून हात धरून तसेच उभे होतो. मैदानाच्या मधोमध पाहुणा उभा होता. त्याने डोक्याला हात लावला असेल असं तुम्हाला वाटेल. तो त्या पोराकडे बघून मान डोलवत म्हणाला, "पाह्यलं? आता वळला बराबर."

मग त्याला आमचे चेहरे दिसले. मग शामियान्यात उभा राहिलेला शेठ दिसला.

शेठने आम्हाला शामियान्यात बोलावलं. शेजारी दुसरा शेठ पोटावर हात ठेवून हसत होता, मास्तर रस पीत होता. आमच्या शेठने पाहुण्याकडे बघितलंसुद्धा नाही, नानाला विचारलं, "आ माणस आपणो छे के एनो?" आपला की त्यांचा?

मी नानाकडे बघत होतो. वर्षभर पाहुण्याने सगळ्यांत जास्त अपमान कुणाचा केला असेल तर नानाचा. उजवा कोपरा ढिला आहे, कॅप्टनला मान नाही म्हणून डोकं फिरत नाही, सगळं त्याने नानाच्या तोंडावर ऐकवलं होतं. नानाने जांभळे हात मागे बांधले आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "आपनाच है, शेठ. वो मेरेको बोला. पीछे देख, ऐसा मेरेको बोला. मैंनेच नही देखा."

मैदानातल्या शेंगदाणेवाल्यालाही हे खोटं आहे हे कळलं असतं. पण डावा कोपरा पुढे येऊन म्हणाला, मैंने भी सुना. ज्याचा हात हवेत राहिला होता तो पोरगाही म्हणाला, नाना को बोला. माझी पाळी आली. मी वर्षभर त्याची नक्कल करून मिलला हसवलं होतं. मी म्हणालो, "हां शेठ, नाना कोच बोला." त्या क्षणी आम्ही सगळे एका साखळीत होतो आणि साखळी घट्ट होती. शेठचा चेहराही थोडा सैल पडला. शेठला खोटं चालायचं, फक्त ते सगळ्यांनी एकसारखं बोलावं लागे.

आणि पाहुणा म्हणाला, "नाही शेठ. झूठ कायले बोलाचं?"

नानाने त्याच्या पायावर पाय दिला. पाहुण्याने पाय काढून घेतला.

"मैं उस लडके को बोला. उसको हजार दफा सिखाया, पीछे देख, पीछे देख. आज भी नहीं देख रहा था. अपने हाथ का लडका ऐसा फसता है तो खराब लगता है ना शेठ."

शेठने त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग मोटारीकडे चालू लागला. दुसऱ्या शेठचं हसूसुद्धा थांबलं होतं. नानाने पाहुण्याचं मनगट धरलं आणि त्याला शामियान्याबाहेर काढलं, गर्दीतून, बाभळीखालून, थेट रस्त्यापर्यंत. पाहुण्याने हात सोडवून घेतला नाही. मी मागून चालत होतो आणि मला त्याची कीवही येत होती आणि दोन मुस्काटात द्याव्यात असंही वाटत होतं. एवढा गाढव माणूस मी आजवर पाहिलेला नाही. एवढा सरळही पाहिलेला नाही, पण तेव्हा ते सुचलं नाही.

शेठने साटंलोटं मोडायचा प्रयत्न केला. तुमचा खेळाडू परत घ्या, माझा मास्तर द्या. पण तिकडचा मरून आता बाजारात गाजत होता. तो शेठ म्हणाला, वापरलेला माल परत घेत नाही. शेवटी कोसाडकडच्या एका लहान मिलच्या मालकाला पाहुणा हवा होता. त्याच्याकडे द्यायला मास्तर नव्हता. बॉयलरचा एक जुना पंप होता. तो आला. पंप आठ दिवस चालला आणि बंद पडला, तेव्हा मिलमध्ये सगळे म्हणाले की पाहुण्याच्या बदल्यात आलाय, दुसरं काय होणार.

खोली रिकामी करायच्या दिवशी सामान टेम्पोत चढवायला आम्ही सगळे गेलो. ट्रंक, स्टोव्ह, मुलींची दप्तरं. थोरली शाळेच्या गणवेशातच होती, तिने तो बदलायला नकार दिला होता. कोसाडला गोदामामागे अर्धी खोली मिळणार होती, शाळेचं काही ठरलं नव्हतं. पाहुण्याची बायको आज हसली नाही. मी तिला वहिनी म्हणून हाक मारली आणि तिच्या हातातला स्टोव्ह घेऊन टेम्पोत ठेवला. पाहुणा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. आता तरी दोन शब्द चांगले बोलेल म्हणून आम्ही दाराशी उभे राहिलो. तो खिडकीतून वाकून नानाला म्हणाला, "उजवा कोपरा ढिलाच हाय तुमचा. ध्यान द्या."

"जाय बा आते," नाना म्हणाला. "गाडीवाला बोंबली राहिना."

त्यानंतर चढाईला कुणीतरी जायला हवं होतं. ते माझ्या गळ्यात पडलं. एक-दोन वर्षांनी कोसाडच्या त्या मिलशी आमचा सामना लागला. साधा सामना होता, शेठही आला नव्हता. आम्ही पोचलो तर त्यांचा कॅप्टन, परभणीकडचा एक धिप्पाड माणूस, माझ्याजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "तुम्हीच का ते तिकळेवाले? हा माणूस आमचं डोकं खायलाय हो. तिकळे एका परातीत जेवत. तिकळे शेवभाजी अशी की बोटं चाटावी. तिकळे हात धरला की मनगट निळं पडायचं, तुम्हाला धरता येत नाही. म्हणे तिकळे कॅप्टन शेठसमोर आपल्यासाठी खोटं बोलला. खरंय का?"

मी म्हणालो, "शेवभाजीचं खोटं आहे. त्याने बसून कधी खाल्ली नाही."

पाहुणा लांब उभा होता. गुडघ्याला पट्टा, मिशी पांढरी व्हायला लागलेली. तो आमच्याकडे आला नाही, मान वळवून मैदानाची माती उकरू लागला. त्यांची जर्सी लाल होती. तिच्या गळ्यातून एक निळी किनार बाहेर आली होती. नानाने ती पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

सामन्याच्या उत्तरार्धात मी चढाईला गेलो. दम घुमवत डाव्या कोपऱ्याकडे सरकलो. त्यांच्या डाव्या कोपऱ्याने पाय पुढे केला. आयता पाय. माझी सगळी नजर त्या पायावर गेली. माझ्या पाठीशी त्यांची उजवी जोडी हात धरून सरकत होती, आणि धरलेल्या हातांची ती पद्धत त्यांना कुणी शिकवली होती हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त पाय दिसत होता.

"मांगं पाह्य रे! मांगं पाह्य!"

मी मागे पाहिलं आणि वाचलो. दोघांना शिवून मध्यरेषेपलीकडे जाऊन पडलो. नाना मला उचलायला धावला. मी मान वर करून पाहिलं तर लाल टीमचे सगळेजण मैदानाच्या मधोमध पाहुण्याभोवती उभे होते. त्यांचा तो धिप्पाड कॅप्टन दोन्ही हात आभाळाकडे करून त्याला काहीतरी विचारत होता. पाहुण्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. तो माझ्याकडे बघून मान डोलवत होता, आणि डाव्या बाजूच्या खेळाडूचा हात त्याने आपल्या हातात घट्ट धरून ठेवला होता.